भटारखाना

जमशेटजी टाटांनी मुंबईत मोठं हॉटेल बांधायचं काढलं तेव्हा त्यांच्या बहिणीला ते मुळीच रुचलं नव्हतं, असं सांगतात. बंगळुरात विज्ञानाची संस्था काढायची, लोखंडाचा कारखाना काढायचा, आणि आता म्हणे भटारखाना! बोलणं घरातलं, गुजरातीतलं. पण हा शब्द आपलाही आहे. मराठीत हॉटेलच्या मागे धुरात जेवण शिजतं ती जागा म्हणजे भटारखाना. उर्दूत भटियारखाना म्हणजे सराई, आणि ती चालवणारा भटियारा. उत्तर हिंदुस्थानात भटियारा ही मुसलमानांतली एक जमातच आहे. कर्कश भांडणाऱ्या बायकांना उर्दूत भटियारिनींची उपमा देतात. पिढ्यानपिढ्या वाटसरूंना जेवू घातलं, त्याचं भाषेने दिलेलं हे बक्षीस.

वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून जमशेटजींनी ताज बांधलं, ही गोष्ट सगळे सांगतात. तिच्या खरेपणाबद्दल एकमत नाही. मला ती तशीही फारशी आवडत नाही, कारण त्यात सगळं श्रेय अपमानाला जातं आणि हौस बाजूला राहते. हा माणूस नवसारीचा, व्यापारी बापाचा मुलगा, गिरण्यांचा मालक. घरबसल्या हुकूम सोडता आला असता. त्याऐवजी साठी ओलांडल्यावर स्वतः युरोपात फिरून हॉटेलसाठी खरेदी केली. विजेचं सामान जर्मनीतून, दिवाणखान्याचे खांब पॅरिसहून. आराखडा केला तो सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी, त्यातल्या वैद्यांचं नाव मराठी माणसालाही आठवत नाही, हे जाता जाता. 16 डिसेंबर 1903 ला हॉटेल उघडलं तेव्हा पाहुणे होते 17. पाचच महिन्यांनी, 19 मे 1904 ला, जमशेटजी जर्मनीत वारले.

बहिणीला नेमकं काय खटकलं असेल? पाहुणचार नव्हे. पाहुणचार तिच्याही घरात होत असणार. खटकलं ते त्याचे पैसे घेणं. आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? मेहमाननवाजीचा तोरा आपण उठताबसता मिरवतो. घरी दस्तरखान घालणारा दिलदार आणि तेच जेवण पैसे घेऊन देणारा भटियारा. मला हा हिशेब पटत नाही. घरच्या पाहुण्याला शिळं वाढलं तरी तो निमूट खातो. पैसे मोजणारा अनोळखी माणूस ताट परत करतो. रोज त्याच्या कसोटीला उतरणं जास्त अवघड आहे. आणि ही नुसती पैशांची देवघेव आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी 26 नोव्हेंबर 2008 ची रात्र आठवावी. पाहुण्यांना वाचवताना ताजचे जे कर्मचारी गेले, त्यांत स्वयंपाकघरातले लोक होते. हॉटेलचे प्रमुख करमबीर कांग यांची बायको आणि दोन मुलं त्याच इमारतीत गेली. ते स्वतः कामावरून हलले नाहीत.

आमच्या मुरबाडकडे हा धंदा ताजपेक्षा फार जुना आहे. वैशाखऱ्याच्या वर नाणेघाट. सातवाहनांच्या काळात कोकणातला माल याच वाटेने जुन्नरला चढायचा. वर राणी नागनिकेचा लेख असलेलं लेणं आहे, जकातीचा म्हणतात तो दगडी रांजण आहे, आणि खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. वाटसरूची सोय करणं राज्यकर्त्यांना तेव्हा कमीपणाचं वाटलं नव्हतं. आज पावसाळ्यात घाट चढायला पोरं येतात आणि खालच्या गावांत त्यांना पिठलं-भाकरी, कुणाला गावठी कोंबडी मिळते. चुलीपुढे बसलेल्या बाईला मात्र आपण हॉटेल चालवतो असं वाटत नाही. विचारलं तर म्हणते, "घरात बसून थोडं काहीतरी."

शाळेतही हेच. बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटचं नाव मुलाने काढलं की वडील मला गाठतात. "सर, एवढं शिकवून लोकांची उष्टी ताटं उचलायला लावू?" मी जमशेटजींच्या बहिणीची गोष्ट सांगतो. ते हसतात, पण फॉर्म कॉमर्सचाच भरतात. अशा घरांत बऱ्याचदा एखादा चाचा आखातात आचारी असतो. त्याच्या पैशांतून घरावर स्लॅब पडलेला असतो, बहिणींची लग्नं झालेली असतात. आणि सोयरिकीच्या बैठकीत त्याच्याबद्दल विचारलं की उत्तर येतं, "तो तिकडे कंपनीत आहे."