'क्वांटम ऑफ सोलेस' आणि कोचाबांबाचे पाणी

आजचा धागा २००८ सालच्या एका नावडत्या बाँडपटाविषयी. डॅनियल क्रेगच्या पाच चित्रपटांत 'क्वांटम ऑफ सोलेस'ची गणना बहुधा तळाशी होते. हॉलिवूडमधील लेखकांच्या संपामुळे कच्ची राहिलेली पटकथा, भोवळ आणणारे संकलन आणि फिका खलनायक, हे तीन आक्षेप ठरलेले आहेत. पहिले दोन रास्तच आहेत.

तिसरा मात्र मान्य होण्याजोगा नाही. डॉमिनिक ग्रीनजवळ ना अण्वस्त्र, ना अंतराळयान. पर्यावरणप्रेमाचा मुखवटा धारण केलेला हा उद्योजक बोलिव्हियाच्या एका माजी हुकूमशहाला पुन्हा गादीवर बसवू पाहतो आणि मोबदल्यात ओसाड वाळवंटाचा तुकडा मागतो. सीआयएला वाटते, तिथे तेल असावे. असते पाणी, भूगर्भात बांध घालून अडवलेले. अखेरीस जनरलपुढे करार येतो: यापुढे देशाला पाणी ग्रीनच पुरवणार, तेही दुप्पट दराने.

हे पटकथाकाराच्या कल्पनेतून आलेले वाटेल. पण कोचाबांबा या बोलिव्हियन शहराने ते आधीच भोगले होते. जागतिक बँकेच्या दबावाखाली खासगीकरण झाले आणि १९९९ मध्ये शहराचा पाणीपुरवठा ४० वर्षांसाठी 'आग्वास देल तुनारी' या कंपनीकडे गेला. तिच्यामागे अमेरिकेची बेक्टेल होती. जानेवारी २००० मध्ये दर वाढले. काही घरांची बिले दुपटीवर गेली. लोकांनी स्वतः खणलेल्या विहिरीही आता कंपनीच्या ताब्यात जातील, ही भीती वेगळीच. त्या वेळी राष्ट्राध्यक्षपदी होते ऊगो बान्सेर: १९७१ ते १९७८ या काळातले लष्करी हुकूमशहा, १९९७ मध्ये निवडणुकीच्या मार्गाने परतलेले.

म्हणजे खलनायक फिका नाही. तो इतिहासाच्या फार जवळचा आहे. चित्रपटाची खरी उणीव निराळी, आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. कोचाबांबात लढले ते कामगार, शेतकरी, गृहिणी आणि विद्यार्थी. त्यांच्या अग्रभागी ऑस्कर ऑलिवेरा हा चपलांच्या कारखान्यातला कामगारनेता होता. एप्रिलमध्ये आणीबाणी पुकारली गेली, गोळीबारात १७ वर्षांचा एक मुलगा मारला गेला, तरीही रस्ते रिकामे झाले नाहीत आणि सरकारला करार मोडावा लागला. पडद्यावर या लोकांच्या वाट्याला येतो तो कोरड्या नळाभोवतीचा क्षणभराचा प्रसंग. बाकी सारा न्याय लंडनहून आलेला एकटा हेर करतो.

(जाता जाता: चित्रपटातले बोलिव्हियाचे वाळवंट प्रत्यक्षात चिलीच्या आंतोफागास्ता प्रांतातले आहे. १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात बोलिव्हियाने समुद्रकिनाऱ्यासह गमावला, तोच हा मुलूख. चित्रीकरण चालू असताना तिथल्या एका महापौरांनी थेट मोटार घुसवून निषेध नोंदवला होता. चिलीची भूमी बोलिव्हिया म्हणून दाखवणे त्यांना खपले नाही.)

ग्रीनला बाँड वाळवंटात मरायला सोडून देतो. खऱ्या कंपनीने बोलिव्हियाविरुद्ध आंतरराष्ट्रीय लवादाकडे कोट्यवधी डॉलरांचा दावा लावला. जगभरातून टीका झाली आणि २००६ मध्ये, चित्रपट येण्याच्या दोन वर्षे आधी, तो दावा दोन बोलिव्हियानोंवर मिटला. दोन नाणी.