सल्लागार फक्त कागदावर नको

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच धांदल उडते. कुठला फॉर्म, किती फी, कोणती बस. एकदाचं कॉलेजात नाव लागलं की आपण हुश्श करतो. 'आता तिचं ती बघेल' असं म्हणून मोकळ्या होतो. पण मैत्रिणींनो, खरी गरज तिथून पुढेच सुरू होते. कारण आपण शिकलो तेव्हाचं कॉलेज आता राहिलेलं नाही.

आपल्या वेळी बी.ए. म्हणजे तीन वर्षं, ठरलेले विषय आणि वर्षाच्या शेवटी परीक्षा. आपल्या राज्यात नवं शैक्षणिक धोरण २०२३-२४ मध्ये स्वायत्त महाविद्यालयांत आलं आणि २०२४-२५ पासून विद्यापीठांशी संलग्न असलेल्या साध्या कॉलेजांतही लागू झालं. आता मुख्य विषय म्हणजे मेजर, जोडीचा विषय म्हणजे मायनर, शिवाय ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भारतीय ज्ञानप्रणाली अशी मोठी यादी असते. प्रत्येकाचे क्रेडिट ठरलेले. पैसे बँकेत साठवावेत तसे हे क्रेडिट मुलीच्या नावाने ऑनलाइन खात्यात साठतात. एक वर्ष केलं तर सर्टिफिकेट, दोन वर्षं केली तर डिप्लोमा, तीन वर्षांची पदवी आणि चौथं वर्ष केलं तर ऑनर्स.

हे सगळं अठरा वर्षांच्या मुलीला कोण समजावून सांगणार? ज्या घरात काका प्राध्यापक आहेत, बहीण पुण्यात शिकतेय, तिथे सल्लागार घरातच असतो. पण घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढणाऱ्या मुलीने कुणाकडे बघायचं? मैत्रिणीने जो विषय घेतला तोच ती घेते. ऑफिसच्या खिडकीवर विचारायला गेलं तर 'नोटीस बोर्ड बघा' असं उत्तर मिळतं.

यासाठी शैक्षणिक सल्लागार असतो. अमेरिकेतल्या विद्यापीठांत हे पूर्ण वेळेचं, पगारी काम असतं. आपल्याकडे ते बहुतेक ठिकाणी शिक्षकांवरच सोपवलेलं असतं, 'मेंटॉर' या नावाने. यूजीसीने २०१९ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी 'दीक्षारंभ' नावाची मार्गदर्शिका काढली, त्यातही यावर भर होता. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाने तर अभ्यासकेंद्रावर मार्गदर्शन करणाऱ्यांना 'समंत्रक' असा छान मराठी शब्द दिला. शब्द आहे, यादी आहे. प्रश्न आहे तो प्रत्यक्ष कामाचा.

हे काम मनापासून झालं तर काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. आमच्या बचतगटातल्या एका ताईंची मुलगी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होती. पहिल्या सत्रात दोन विषय राहिले. तेवढ्यात स्थळ आलं. वडील म्हणाले, "एका वर्षाचं सर्टिफिकेट मिळतंय ना, पुरे झालं." तिच्या मेंटॉर मॅडमनी मायलेकींना बोलावून घेतलं आणि कोऱ्या कागदावर हिशेब मांडला. सर्टिफिकेटसाठी पहिल्या वर्षाचे किमान ४० क्रेडिट हवेत, शिवाय ४ क्रेडिटचा कौशल्याचा कोर्स किंवा इंटर्नशिप वेगळी. दोन विषय राहिलेत म्हणजे आज सोडलं तर हातात तेही नाही. राहिलेले विषय कधी देता येतील, शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडकलाय, हेही बघितलं. आणि सोडावंच लागलं तर तीन वर्षांच्या आत परत येता येतं, एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करता येते, हेही सांगितलं. मॅडमनी 'लग्न करू नकोस' असं एका शब्दानेही म्हटलं नाही. ताई तो कागद घडी करून घरी घेऊन गेल्या आणि नवऱ्यासमोर ठेवला. साखरपुडा झाला, पण लग्न पुढे गेलं. मुलगी आज दुसऱ्या वर्षाला आहे.

मला काळजी वाटते ती याच बाहेर पडण्याच्या दाराची. ज्याला मधेच नोकरी धरावी लागते, त्याच्यासाठी ही सोय चांगली आहे. पण आपल्याकडे हेच दार मुलींना बाहेर काढायला वापरलं जाईल. 'सर्टिफिकेट मिळालं ना' हे वाक्य सोयरिकीच्या बैठकीत ऐकू येऊ लागलंय. परत येण्याचं दारही उघडं आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

काही जण म्हणतात, कॉलेजातली मुलं मोठी झाली, बोट धरून किती चालवायचं? अहो, रस्ता दाखवणं म्हणजे बोट धरणं नव्हे. निर्णय तिचाच असावा, पण तो माहिती घेऊन केलेला असावा.

आणि शिक्षकांनाही दोष देऊन कसं चालेल? कित्येक जण तासिका तत्त्वावर काम करतात. शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात, मुलीशी बोललेल्या तासाचे नाहीत. मग वहीवर सह्या होतात, तपासणीला फाइल तयार असते आणि मुलीला आपला मेंटॉर कोण हेच ठाऊक नसतं. म्हणून माझं म्हणणं आहे की सल्ल्याचे तास वेळापत्रकात धरा आणि त्यांचे पैसे द्या. मुलींसाठी निदान एक बाई सल्लागार असू द्या. आणि मधेच शिक्षण सोडण्याचा अर्ज सल्लागाराने मुलीशी आणि पालकांशी बोलल्याशिवाय मंजूर करू नका.

आपल्यालाही काही करता येईल. सत्राच्या सुरुवातीला एकदा कॉलेजात जा. चांगली साडी नेसून उगाच घाबरत नव्हे, हक्काने जा. विचारा, हिची मेंटॉर कोण? खात्यात किती क्रेडिट जमा झाले? शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरला का? व्यावसायिक अभ्यासक्रमाला केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश असेल, तर जुलै २०२४ च्या शासन निर्णयाची चौकशी करा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना त्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ झालं आहे.

बचतगटाचा पै-पैचा हिशेब आपण तोंडपाठ सांगतो. लेकीच्या क्रेडिटचा हिशेबही आपल्याला जमेल. तो समजावून देणारं माणूस कॉलेजात हवं, एवढंच मागणं आहे. आणि ते आपण मागितल्याशिवाय कुणी देणार नाही.