उपशय म्हणजे हेतू नव्हे

मनोविकारांविषयी एखादे नवे संशोधन वृत्तपत्रांत आले की आपल्या व्यवसायात दोन प्रकारचे प्रतिसाद उमटतात. 'हे तर आमच्या ग्रंथांत पूर्वीच सांगितले आहे' हा एक, आणि 'पाहा, आधुनिकांचा सिद्धान्त कोसळला' हा दुसरा. जुलै २०२२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील जोआना मॉन्क्रीफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मॉलिक्युलर सायकियाट्री' या नियतकालिकात नैराश्य आणि सिरोटोनिन यांच्या संबंधाचा विस्तृत आढावा प्रसिद्ध केला, तेव्हा दुसऱ्या प्रतिसादास विशेष बळ आले. मेंदूतील सिरोटोनिन कमी झाल्याने नैराश्य येते, या मतास सुसंगत पुरावा आढळत नाही, असा त्या आढाव्याचा निष्कर्ष होता. त्यावर २०२३ मध्ये त्याच नियतकालिकात अन्य तज्ज्ञांनी आक्षेपही नोंदविले. शास्त्रीय वाद चालू राहील. परंतु 'सिरोटोनिनची गोष्टच खरी नाही, मग या गोळ्या कशाला घ्यायच्या?' असे विचारणारा रुग्ण आज आपल्यासमोर बसलेला असतो, आणि काही चिकित्सालयांतून व औषधांच्या दुकानांतून त्यास सहज होकार दिला जातो. या होकाराविषयी आम्हांस येथे लिहावयाचे आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, या सिद्धान्ताच्या इतिहासात आपल्या सर्पगंधेचा मोठा वाटा आहे. उन्मादात सर्पगंधामूळ देण्याचा प्रघात बिहारात लोकव्यवहारात जुना होता. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब यांतील तिच्या उपयोगाविषयी लेख प्रसिद्ध केला. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील आपला अनुभव १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि या वनस्पतीकडे जगाचे लक्ष वेधले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातून रेसर्पिन वेगळे केले. १९५४ मध्ये अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांत त्याच्या उपयोगाचा वृत्तान्त दिला. १९५५ मध्ये रेसर्पिनमुळे मेंदूतील सिरोटोनिन घटते असे ब्रोडी यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेने दाखविले, आणि १९५७ मध्ये स्वीडनच्या आर्व्हिड कार्लसन यांनी डोपामिनविषयीचे आपले प्रसिद्ध प्रयोग रेसर्पिन देऊन निश्चेष्ट केलेल्या सशांवरच केले.

त्याच काळात रक्तदाबासाठी रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांना विषण्णता आल्याचे वृत्तान्त येऊ लागले. उलट, क्षयावर दिल्या जाणाऱ्या इप्रोनियाझिडने रुग्णांचे मन प्रफुल्लित होते असे दिसले, आणि हे द्रव्य सिरोटोनिनादी द्रव्यांचा मेंदूतील ऱ्हास रोखते हे माहीत होते. एका औषधाने ही द्रव्ये घटली व विषाद आला, दुसऱ्याने ती वाढली व विषाद गेला. तेव्हा ती घटणे हेच विषादाचे कारण असले पाहिजे, असे अनुमान १९६० च्या दशकात बांधले गेले.

निदानपंचक शिकलेल्या वैद्यास या अनुमानातील दोष सांगण्याची गरज नाही. येथे उपशय व अनुपशय यांवरून थेट हेतू ठरविला गेला. आपल्या शास्त्रात उपशय हे व्याधी ओळखण्याचे एक साधन आहे, विशेषतः लक्षणे गूढ असता त्याचा आधार घ्यावयाचा असतो. परंतु ते पाचांपैकी एक आहे. हेतू, पूर्वरूप, रूप आणि संप्राप्ती यांची जागा ते एकटे घेऊ शकत नाही. प्रमेहात हरिद्रा उपयोगी पडते म्हणून हरिद्रेचा अभाव हे कोणी प्रमेहाचे कारण मानीत नाही. २०२२ चा आढावा आम्ही वाचतो तो या अर्थाने: उपशयावरून बांधलेला हेतू तपासला गेला आणि तो पुरेसा सिद्ध होत नाही असे दिसले.

आता याच न्यायाची दुसरी बाजू पाहावी, कारण आपल्याकडे विसर पडतो तो तिचा. हेतू असिद्ध ठरला म्हणून उपशय खोटा ठरत नाही. औषध हेतुविपरीत असते तसे ते व्याधिविपरीतही असते, हे आपणच शिकविले आहे. कुष्ठात खदिराचे कार्य हेतूच्या निर्णयासाठी थांबून राहत नाही. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंद्रेआ चिप्रियानी व सहकाऱ्यांच्या विश्लेषणात ५२२ चाचण्या व १,१६,४७७ रुग्ण यांचा समावेश होता. त्यात अभ्यासलेली २१ ही नैराश्यविरोधी औषधे प्रौढांमध्ये प्लासिबोपेक्षा अधिक गुणकारी ठरली. हा लाभ सरासरीने मर्यादित आहे, हेही त्याच विश्लेषणावरून दिसते. या औषधांचे मूल्यमापन करावयाचे तर ते त्यांच्या गुणदोषांवरून करावे. सिरोटोनिनच्या सिद्धान्ताचे भवितव्य त्यास पुरेसे नाही.

ही औषधे एकाएकी बंद करण्यात धोका आहे. २०२४ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त आलेल्या आढाव्यानुसार ती थांबविणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना काही ना काही त्रास होतो. प्लासिबो थांबविणाऱ्यांतील १७ टक्के वजा केले तरी सहा-सात रुग्णांमागे एकास तो औषध थांबविल्यामुळे होतो असे म्हणावे लागते. भ्रम, शिरःशूल, निद्रानाश, चिडचिड ही लक्षणे दिसू लागली की रुग्ण तीच व्याधी उलटली असे समजतो, आणि काही वेळा ती खरोखरच उलटलेली असते. अशा वेळी ज्याने 'गोळ्या सोडा, ब्राह्मी घ्या' असे सांगितले, त्याच्याकडे या अवस्थेचे उत्तर नसते.

उपशयावरून घाईने निर्णय करण्याचा दोष केवळ परदेशी संशोधकांचा आहे, असेही समजू नये. निद्रानाशाची तक्रार घेऊन आलेल्या रुग्णास सर्पगंधायुक्त वटी दिली, चार रात्री झोप आली आणि व्याधी निद्रानाशाचीच होती असे सर्वांचे समाधान झाले, हा प्रकार नवा नाही. वस्तुतः पहाटे लवकर जाग येणे व पुन्हा झोप न लागणे हे अनेकदा नैराश्याचे रूप असते. ते झाकले गेले, की ओळख लांबते. शिवाय ज्या रुग्णात नैराश्य आहे वा पूर्वी होते, त्यास रेसर्पिन देऊ नये असे आधुनिक औषधशास्त्र दीर्घकाळ सांगत आले आहे. रेसर्पिनमुळे नैराश्य येते काय, याविषयीचा पुरावा परस्परविसंगत असल्याचे अलीकडील आढाव्यात दिसून आले. परंतु शंका निःशेष फिटलेली नसताना सावधगिरी सोडण्याचे कारण नाही. रक्तदाबाच्या अन्य औषधांबरोबर दिल्यास रक्तदाब अतिशय उतरण्याचा धोका वेगळाच. म्हणून सर्पगंधेचे कल्प वैद्याच्या चिठ्ठीशिवाय झोपेचे औषध म्हणून काउंटरवरून दिले जाऊ नयेत, अशी आमची औषधविक्रेत्या बंधूंना आग्रहाची विनंती आहे.

हा विषय लहान नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मनोविकार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून होते. महाराष्ट्र त्या १२ राज्यांत नव्हता; तथापि तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या वैद्यास येथील चित्र फार वेगळे वाटणार नाही. मनोविकारतज्ज्ञाचे दार दूर असते आणि लोकापवादाचे भयही असते. आपले दार जवळ असते, आणि तेथे रुग्ण अपचन, शूल, दौर्बल्य वा अनिद्रा सांगत येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने मनोविज्ञान व मानसरोग या विषयातील आयुर्वेद पदव्युत्तरांस मानसिक आरोग्य व्यावसायिक म्हणून मान्यता दिली आहे, बी.ए.एम.एस. पदवीधरास ती नाही. परंतु रुग्णास प्रथम ओळखण्याचे काम आपल्याच वाट्याला येते, आणि ते करण्यास कोणतीही आडकाठी नाही.

त्यासाठी आम्ही चार गोष्टी सुचवितो. अनिद्रा, अग्निमांद्य वा दौर्बल्य दोन आठवड्यांहून अधिक काळ असलेल्या रुग्णास मनाची उदासी व कामातील अरुची यांविषयी विचारावे. जीव नकोसा वाटतो काय, हेही स्पष्ट विचारावे; विचारल्याने तो विचार बळावतो ही समजूत अभ्यासांत खरी ठरलेली नाही. चालू औषधांची यादी केसपेपरवर लिहावी, आणि नैराश्यविरोधी औषधे कमी करावयाची असल्यास ती देणाऱ्या तज्ज्ञामार्फतच, हळूहळू, करावी. धोका दिसताच नातेवाइकांस विश्वासात घेऊन रुग्णास तज्ज्ञाकडे पाठवावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चिकित्सालयात व दुकानात दर्शनी भागी लावावा.

याने आपल्या हातचे काम संपत नाही. आहार, निद्रा, दिनचर्या, व्यायाम आणि सत्त्वावजय यांसाठी लागणारा वेळ आपण देऊ शकतो. व्यायामाविषयी तर २०२४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने २१८ चाचण्यांचे विश्लेषण प्रसिद्ध केले असून चालणे, धावणे, योग व बलवर्धक व्यायाम यांचा नैराश्यात लाभ होतो असे त्यात दिसते. हे सर्व चालू औषधांच्या जोडीने करता येते. रुग्णास त्यासाठी एका शास्त्राची बाजू घेण्यास लावू नये.

मेंदूविषयीचे सिद्धान्त बदलत राहतील. त्यांतील कोणता टिकला व कोणता पडला यावर आपल्या शास्त्राचा मान अवलंबून नाही. तो अवलंबून आहे गोळ्या सोडू काय असे विचारणाऱ्या रुग्णास आपण काय उत्तर देतो, यावर.