पाणीटंचाईची सबब चालणार नाही!

कामगार बंधूंनो, बंगळुरूत कोर ड्रिलने काँक्रीटला भोके पाडताना पाणी का सोडत नाही, असे विचारा. ठेकेदाराची पाणीटंचाईची सबब तयार! मार्च 2024 मध्ये तेथील जलमंडळाने बांधकामाला पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी घातली, 5,000 रुपये दंड ठेवला, हे खरे. पण प्रक्रिया केलेल्या पाण्याला मनाई नव्हती. तिथल्या काँक्रीटमधली खडी ग्रॅनाइटची, त्यात सिलिका. तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ रुमालाने अडत नाही. ती फुफ्फुसात साठली की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. पाणी नसेल तर ड्रिलला धूळ ओढणारे यंत्र जोडा! दोन्ही नसतील तर आम्ही ड्रिल उचलणार नाही.