‘डिटेक्ट होत नाही’ म्हणजे काय रे भाऊ?

‘डिटेक्ट होत नाही’ या तीन शब्दांची मला भयंकर चीड आहे. माणूस डॉक्टरकडे जाऊन म्हणतो, बरं वाटत नाही. डॉक्टर नाडी बघतो, ताप बघतो, कधीपासून म्हणून विचारतो. आमच्या धंद्यात काय होतं? पेशंट म्हणतो ‘डिटेक्ट होत नाही’, आणि समोरचा पुढच्या श्वासाला म्हणतो ‘फॉर्मॅट मारा’. म्हणजे डोकं दुखतंय ना, मग डोकंच उडवू. दुखायचं थांबेल हे खरं!

हा संताप आत्ता उफाळून यायला निमित्त झालं सालेकश्याचं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : गोंदियाहून हावड्याच्या दिशेने निघालं की आमगाव, मग धानोली, मग सालेकसा. पुढे दरेकसा, बोगदा, आणि तो संपला की छत्तीसगड. पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने गोंदियापर्यंत जायचं, तिथून पुढे लोकल पॅसेंजर. दिवाळीत मी तिथे काकांकडे होतो. धाकट्या चुलतभावाने घरात हौसेने एक फाइल सर्व्हर उभा केला होता : रास्पबेरी पाय ४, त्याला यूएसबीने लावलेली एक टेराबाइटची हार्डडिस्क, आणि घरातल्या वायफायवरून सगळ्यांच्या मोबाइलला आणि टीव्हीला त्यावरच्या फाइल्स दिसायच्या. उत्तम कल्पना. दोन आठवडे चाललं आणि मग डिस्क गायब. बाजारातल्या एका दुकानात नेली, त्यांनी काउंटरवरच्या पीसीला त्याच केबलने लावली, कधी दिसली, कधी नाही, एकदा ती फॉर्मॅट विचारणारी खिडकी उघडली, आणि निकाल लागला : ‘डिटेक्टच नाही होऊन राहिली भाऊ, फारमॅट मारा लागन.’

नशीब की काका मास्तर होते. मास्तर माणूस न विचारता कशावर सही करत नाही. ‘बाबू, फारमॅट म्हंजे पुसूनच टाकतेत ना?’ एवढा एक प्रश्न विचारून ते डिस्क पिशवीत घालून घरी घेऊन आले.

आता त्या डिस्कवर काय आहे ते सांगतो, म्हणजे मी का तापलोय ते कळेल. लग्नाचे व्हिडिओ आहेतच, ते कोणाकडे नसतात! पण बरोबर काकांनी २००६ पासून जमवलेलं ध्वनिमुद्रण आहे. माघ पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते, कितीतरी राज्यांतून गोंड समाज तिथे येतो, आणि ते गाव आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. काका आधी टेपरेकॉर्डर, मग मोबाइल घेऊन तिथे जात. शिवाय आजूबाजूच्या टोल्यांवर जाऊन म्हाताऱ्या बायकांची गोंडी गाणी, झाडीपट्टीतल्या दंडारी, दोन-चार मंडळींच्या तासतासभर गप्पा. यातल्या निम्म्या बायका आता नाहीत. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळपास ३० लाख लोक नोंदले गेले, पण भाषा आठव्या अनुसूचीत नाही. युनिकोडने तिच्या लिप्यांना जागा दिली, मसराम गोंडीला २०१७ साली, गुंजाला गोंडीला २०१८ साली. छान झालं. लिपी जगभरच्या मानकात सुरक्षित, आणि गाणी सालेकश्यात एका ‘येस’च्या बटणापासून एक बोट लांब.

तर ती डिस्क मी हातात घेतली आणि पहिलं काम केलं ते म्हणजे काहीही न करणं. नुसतं वाचलं.

आता थोडी तांत्रिक कटकट, सहन करा. डिस्क ‘दिसते’ म्हणजे एकामागून एक बऱ्याच गोष्टी घडाव्या लागतात. आधी तिला पुरेशी वीज मिळायला हवी. मग केबलमधून ‘कोण आहेस तू’ अशी विचारपूस होते. डबीच्या आत यूएसबी आणि साटा यांच्यामध्ये दुभाष्याचं काम करणारी एक चिप असते, ती उत्तर देते. मग पार्टिशन सापडतं, मग त्यावरची फाइल सिस्टिम ओळखली जाते, मग ती एखाद्या फोल्डरवर माउंट होते, आणि सगळ्यात शेवटी सांबा (शोलेतला नव्हे) ते फोल्डर घरभर वाटतो. यातली कुठलीही एक पायरी निसटली की घरातल्या माणसाला दिसतं एकच : काही दिसत नाही. आणि फॉर्मॅट या साखळीतल्या फक्त एका कडीला हात लावतो, फाइल सिस्टिमला. आधीच्या कड्यांत बिघाड असेल तर फॉर्मॅट मारून सगळं पुसाल आणि डिस्क पुन्हा ‘डिटेक्ट होत नाही’ ती नाहीच! कितीतरी वेळा असं होतं, आणि मग दुकानदार म्हणतो, डिस्कच गेली, नवी घ्या.

लिनक्सवर डीमेसेज नावाची आज्ञा आहे. कर्नल, म्हणजे यंत्राचा मूळ कारभारी, जे जे पाहतो ते तिथे लिहून ठेवतो. आमच्या पायच्या लॉगमध्ये काय होतं? नवीन सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस, क्रमांक ३. काही सेकंदांनी : डिस्कनेक्ट. नवीन डिव्हाइस, क्रमांक ४. डिस्कनेक्ट. क्रमांक ५... हा आकडा साठीच्या पुढे गेला होता. म्हणजे डिस्क डिटेक्ट होत नव्हती असं नाहीच, बिचारी साठ वेळा दारात येऊन हजेरी लावून गेली होती! आणि अधूनमधून एक ओळ, इंग्रजीत, उद्गारचिन्हासकट : अंडर-व्होल्टेज डिटेक्टेड! आता बोला. ‘डिटेक्ट’ हा शब्द त्या लॉगमध्येच होता, फक्त कमी दाबाच्या विजेबद्दल. यंत्राने याहून किती मोठ्याने ओरडायचं?

हिशेब सोपा आहे. पाय ४ ला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. व्होल्टेज साधारण ४.६३ च्या खाली गेलं की ती वरची ओळ येते. त्याच्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून जास्तीत जास्त १.२ अँपिअर देता येतात. छोटी पोर्टेबल डिस्क फिरायला लागताना एकटीच एक अँपिअरच्या आसपास मागू शकते. घरात पायला लावलेला होता मोबाइलचा जुना २ अँपिअरचा चार्जर, आणि डिस्कला लांबलचक बारीक केबल, जिच्यात वाटेतच दाब पडतो. नुसता पाय त्यावर मजेत चालतो. डिस्क फिरायला लागली की दोघांचे हाल. पावसाळ्यात लाइन (आमच्याकडे लाइट जात नाही, लाइन जाते) दिवसातून चारदा जाऊन आली की बघायलाच नको.

नियम कागदावर चांगलेच आहेत. यूएसबी १९९६ साली आली. ती घडवणाऱ्यांत प्रमुख अजय भट्ट, बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले. कल्पना अशी की घरच्या आजीलाही काही न विचारता वायर लावता आली पाहिजे. यूएसबी २ च्या पोर्टने ५०० मिलिअँपिअर द्यायचे, यूएसबी ३ च्या पोर्टने ९००. पण २००८ साली आलेल्या यूएसबी ३.० ला पुढे ३.१ जेन १ म्हणायला लागले आणि मग ३.२ जेन १. वेग तोच, पोर्ट तेच, नाव तिसरं! त्यात केबलवर काहीच छापलेलं नसतं. मग गिऱ्हाइकाने काय वास घेऊन ओळखायची? पाच रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर वजन छापावं लागतं. केबलने किती करंट झेपतो हे तिच्यावर छापायला काय धाड भरते?

असो. गोंदियाहून नीट अडॅप्टर, आखूड केबल आणि स्वतःच्या विजेवर चालणारा हब आणला. क्रमांक वाढायचे थांबले. डिस्क स्थिर. तरी माउंट होईना! इथे भलेभले म्हणाले असते, बघा, शेवटी फॉर्मॅटच. पण पुन्हा लॉग वाचला : व्हॉल्यूम डर्टी आहे, आणि ‘फोर्स’ दिलेलं नाही. डर्टी म्हणजे घाण नव्हे. डिस्क एनटीएफएस पद्धतीची होती, लिहिता लिहिता मध्येच वीज तुटली, म्हणून तिच्यावर ‘काम अर्धवट राहिलंय’ अशी खूण राहिली. कर्नल म्हणतोय, मी यावर आणखी लिहिणार नाही, आधी तपासा. किती शहाणपणाचं वागणं! आणि लगेच इंटरनेटवर शंभर जण सांगायला तयार की ‘फोर्स’ लिहून पुढे जा. अरे, का? त्याने थांबवलंय ते तुमच्याच भल्यासाठी ना? फक्त-वाचायच्या पद्धतीने, म्हणजे रीड-ओन्ली, माउंट केली. काही तक्रार न करता उघडली. दुसऱ्या कोऱ्या डिस्कवर ४०० जीबी उतरवून घेतले, दोन-अडीच तासांचं काम. त्यानंतर मूळ डिस्क विंडोजवर नेऊन चेक-डिस्क चालवली. आधी नाही. दुरुस्ती म्हणजेसुद्धा डिस्कवर लिहिणंच असतं, आणि प्रत हातात असल्याशिवाय एकुलत्या एका डिस्कवर एक अक्षरही लिहू नये.

मध्ये आणखी एक घोळ निघाला, तो सांगण्यासारखा आहे. डिस्क निसटलेली असताना भावाने मोबाइलवरून फोटो सर्व्हरवर ‘टाकले’ होते, आणि ते गेलेही होते. कुठे? डिस्क ज्या फोल्डरवर बसते तो फोल्डर डिस्क नसली तरी असतोच, रिकामा, पायच्या मेमरी कार्डावर. फोटो तिथे जाऊन बसले. डिस्क परत आली आणि त्या फोल्डरवर आसन मांडून बसली, की खालचे फोटो झाकले जातात. घरातल्यांना वाटतं, सर्व्हरने फोटो खाल्ले. डिस्क उतरवून खाली बघितलं, सगळे सापडले.

हे कोणी सांगत नाही. ‘पंधरा मिनिटांत घरचा सर्व्हर’ छाप व्हिडिओ मात्र ढिगाने. त्यात एक बाबा सांगतो, एफएसटॅब फाइलमध्ये ‘एसडीए१’ अशी ओळ लिहा आणि झालं. झालं कसलं! डिस्क निसटून परत आली की ती ‘एसडीबी’ म्हणून येऊ शकते. म्हणून नावाऐवजी तिचा यूयूआयडी लिहायचा असतो, तो नावासारखा बदलत नाही. आणि ओळीत ‘नोफेल’ हा शब्द नसेल तर, डिस्क जागी व्हायला उशीर झाला की अख्खं मशीन दीड मिनिट वाट बघून आणीबाणीच्या अवस्थेत जाऊन बसतं. त्या मशीनला ना कीबोर्ड ना पडदा. तोंडातून शब्द नाही. मग घरचे म्हणतात, आता सर्व्हरही डिटेक्ट होत नाही! बरं, काही ब्रिज चिपा यूएएस या वेगवान पद्धतीत गडबडतात, तिथे ती पद्धत बंद करून जुन्या संथ पद्धतीवर आणावं लागतं. याचा उल्लेख व्हिडिओच्या खाली कोपऱ्यात, एकविसाव्या प्रतिक्रियेत.

पण दुकानदाराला आणि व्हिडिओवाल्याला झोडपून मी मोकळा होणार नाही, कारण मूळ पाप आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं आहे. ती फॉर्मॅटची खिडकी आठवा. विंडोजला डिस्कवरची मांडणी कळली नाही की ती म्हणते, वापरण्याआधी ही डिस्क फॉर्मॅट करावी लागेल, करू का? लिनक्सची ठणठणीत ईएक्सटी४ डिस्क लावा, तरी हेच ऐकवते. खरं वाक्य काय असायला हवं? ‘मला ही डिस्क वाचता येत नाही.’ बस. न वाचता येणं हे वाचणाऱ्याचं अज्ञान आहे. मला कन्नड वाचता येत नाही म्हणून कन्नड पुस्तकांची पानं कोरी करून देऊ का, असं मी ग्रंथालयात जाऊन विचारत नाही. दुकानातल्या पोराला ही खिडकी वीस वर्षं रोज तेच शिकवतेय, मग तो दुसरं काय सांगणार? आणि क्विक फॉर्मॅटने डेटा लगेच पुसला जात नाही, काढता येतो परत, हा युक्तिवाद मला ऐकवू नका. आधीच्या फाइल्सची नावं, तारखा, फोल्डर यांची खात्री राहत नाही, आणि वर नवीन काही लिहिलं तर तेवढं कायमचं गेलं. ‘अमक्या टोल्यावरची अमकी आजी, २००९’ हे नाव गेल्यावर उरलेल्या आवाजाचं काय करायचं?

आमच्या ऑफिसात यावर दोन उत्तरं मिळाली. पहिलं : क्लाउडवर टाक ना! ४०० जीबी, अपलोडचा वेग पाच मेगाबिट धरला तरी अखंड सात दिवसांहून जास्त, आणि अखंड हा शब्द सालेकश्यात पावसाळ्यात वापरून दाखवा. वर दरमहा भाडं, आणि काकांनंतर पासवर्ड कोणाकडे? क्लाउडवर एक प्रत असायला माझी ना नाही. पण घरातल्या वस्तूला घरात जागा नको?

दुसरं उत्तर जास्त चीड आणणारं : सामान्य माणसाला लॉग कसा वाचता येणार, तो घाबरेल. अरे, सातबारा वाचलाय का कधी? सामान्य माणूस सातबारा वाचतो, फेरफार वाचतो, वीजबिलातले सतरा रकाने वाचतो, ट्रॅक्टरच्या आवाजावरून सांगतो की डिझेलमध्ये हवा धरली. सहा ओळींच्या लॉगला तो घाबरत नाही. तो घाबरतो, कारण आम्ही त्या ओळी लपवतो आणि पुढे फक्त ‘काहीतरी बिघडलं’ एवढं म्हणून हो-नाहीची दोन बटणं ठेवतो. काकांना मी ‘अंडर-व्होल्टेज’ची ओळ दाखवली. मास्तरांनी इंग्रजी वाचली, चार्जरकडे बघितलं आणि म्हणाले, ‘म्हंजे उपाशी ठेवलं तिले.’ झालं निदान! इंजिनियरिंगची पदवी लागली नाही.

तेव्हा मंडळी, कोणी ‘डिटेक्ट होत नाही’ म्हणालं की उलट विचारा : कोणाला होत नाही? वीज पोचली का? फिरल्याचा आवाज येतो का? दुसरी केबल लावून पाहिली? लॉगमध्ये डिस्कचा आकार दिसतो का? आकार दिसत असेल तर डिस्क जिवंत आहे, तिला हात न लावता आधी प्रत काढा. आणि माझ्यासारखे जे कोणी हे असले संदेश लिहायचा पगार घेतात, त्यांनी ‘फॉर्मॅट’ हे बटण त्या खिडकीतून काढून टाका. ज्याला खरंच पुसायचं आहे तो शोधत जाईल की मेनूत!

सालेकश्याच्या डिस्कची दुसरी प्रत आता गोंदियाला आत्याकडे कपाटात आहे. तिसरी माझ्याबरोबर पुण्याला आली.