मूर्ती लहान, पण रंगमंच स्वतःचा

ज्या वर्षी नागपूरच्या भूमीवर बाबासाहेबांनी लाखो बांधवांना धम्मदीक्षा दिली, त्याच १९५६ साली जमैका बेटावरची एक काळी मुलगी नाट्यशिक्षणासाठी इंग्लंडला पोचली. नाव इव्हॉन क्लार्क. वय अठराच्या आसपास. लंडनजवळ सिडकप येथे रोझ ब्रुफर्ड कॉलेज ही नाट्यशिक्षणाची संस्था आहे. तिथे पहिल्याच दिवशी तिला सांगण्यात आले की, शिकायचे तर खुशाल शीक, फी आम्ही घेऊ, पण या देशाच्या रंगभूमीवर तुला काम मिळणार नाही.

वाचकहो, ही भाषा आपल्याला अनोळखी नाही. दाखला मिळतो, प्रवेश मिळतो, फी भरून घेतली जाते. मात्र पुढे जागा नसते. पैसा चालतो, माणूस चालत नाही. फरक एवढाच की, इथे जात आडवी येते आणि तिथे कातडीचा रंग आडवा आला. या मुलीने त्या वाक्याचे काय केले, हे आपल्या माताभगिनींनी आणि विशेषतः कॉलेजात जाणाऱ्या मुलींनी समजून घेण्यासारखे आहे.

इव्हॉनचा जन्म १९३८ साली जमैकाची राजधानी किंग्स्टन येथे झाला. घरचा व्यवसाय अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा. आपल्याकडे मृताला हात लावण्याचे काम ज्यांच्या माथी मारले त्यांनाच विटाळ मानले. तिथे हाच व्यवसाय प्रतिष्ठेचा होता आणि हे घर खाऊनपिऊन सुखी होते. हे मुद्दाम सांगतो, कारण पैसा आला की अपमान थांबतो असा आपल्यापैकी काहींचा समज असतो. इंग्लंडच्या दारात इव्हॉनची श्रीमंती कोणी विचारली नाही. रंग तेवढा पाहिला.

ती सोळा वर्षांची असताना वडिलांनी तिला किंग्स्टनच्या वॉर्ड थिएटरमध्ये नाटक दाखवायला नेले. फ्रेंच लेखक सार्त्र यांचे ते नाटक होते आणि त्यात मोना चिन नावाची जमैकन अभिनेत्री काम करत होती. आपल्यासारख्या दिसणाऱ्या बाईला रंगमंचावर पाहून त्या मुलीने ठरवले की, आपणही हेच करायचे. वडिलांनी ‘नाटकात मुली जातात का?’ असे विचारले नाही. समुद्रापार शिकायला पाठवले.

शिक्षण पुरे करून ती मायदेशी परतली. जमैका १९६२ साली ब्रिटिशांच्या राज्यातून स्वतंत्र झाला. देश आपला झाला, पण व्यावसायिक रंगभूमी कुठे होती? १९६५ साली इव्हॉनने नाटककार ट्रेव्हर रोन आणि इतर सोबत्यांसह एक नाट्यसंस्था काढली. तिचे नाव ठेवले ‘थिएटर ७७’. बारा वर्षांत, म्हणजे १९७७ पर्यंत, जमैकात व्यावसायिक रंगभूमी उभी करायची, हा निर्धार नावातच होता. नाट्यगृहासाठी पैसा नव्हता, तेव्हा घरच्या मोटारीचे गॅरेज रिकामे केले आणि तिथे रंगमंच बांधला. ‘द बार्न’ या नावाचे हे चिमुकले नाट्यगृह पुढे अनेक वर्षे चालले. तिथे लोक आपल्या बोलीतली, आपल्या जगण्यातली नाटके पाहू लागले.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या पुन्हा इंग्लंडला गेल्या. आता त्या इव्हॉन ब्रूस्टर झाल्या होत्या. जिथे काम मिळणार नाही असे सांगितले होते, तिथेच त्यांनी अभिनय केला, दिग्दर्शन केले. मला, एका कारकुनाला, त्यांच्या चरित्रातला एक टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. १९८२ ते १९८४ या काळात त्या ब्रिटनच्या आर्ट्स कौन्सिलमध्ये नाट्य विभागाच्या अधिकारी होत्या. या पदावर आलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. सरकारी अनुदान कोणाला मिळते, अर्ज कसा लिहावा लागतो, फाईल कुठे अडते, हे त्यांनी टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिले. आपले कार्यकर्ते भाषणात कमी पडत नाहीत. अर्जात, हिशेबात आणि पाठपुराव्यात कमी पडतात. ब्रूस्टरबाईंनी दोन्ही साधले.

१९८६ साली त्यांच्या नव्या संस्थेचे पहिले नाटक रंगमंचावर आले. संस्थेचे नाव ‘तालावा’. जमैकाच्या बोलीत या शब्दाचा भाव असा की, दिसायला लहान असेल, पण तिला कमी समजू नका. आपण म्हणतो ना, मूर्ती लहान पण कीर्ती महान! संस्थापकांत कार्मेन मनरो होत्या, इनिगो एस्पेहेल होत्या आणि मोना हॅमंडही होत्या. या मोना हॅमंड म्हणजेच त्या मोना चिन. जिला पाहून सोळा वर्षांच्या मुलीने स्वप्न पाहिले, तिच्याच खांद्याला खांदा लावून तिने संस्था उभारली.

पहिल्या नाटकाची निवडही विचारपूर्वक होती. त्रिनिदादचे विचारवंत सी. एल. आर. जेम्स यांचे ‘द ब्लॅक जॅकोबिन्स’. हैती बेटावरच्या गुलामांनी १७९१ साली मालकांविरुद्ध उठाव केला आणि १८०४ साली स्वतंत्र राष्ट्र उभे केले. त्या लढ्याचा सेनानी तुसाँ लुव्हर्त्यूर हा स्वतः गुलामीत जन्मला आणि १८०३ साली फ्रान्सच्या कैदेत मरण पावला. त्याची ही गाथा. जेम्स यांनी याच विषयावर लिहिलेले नाटक १९३६ साली लंडनमध्ये झाले होते, तेव्हा थोर गायक-नट पॉल रॉबसन यांनी तुसाँ उभा केला होता. पन्नास वर्षांनी ब्रूस्टरबाईंनी तो इतिहास लंडनच्या रिव्हरसाइड स्टुडिओज येथे पुन्हा जिवंत केला. तुसाँची भूमिका गयानाचे नॉर्मन बीटन यांनी केली. वृद्ध जेम्स तेव्हा हयात होते.

मात्र केवळ गुलामीच्या कथा सांगून त्या थांबल्या नाहीत. १९८९ मध्ये त्यांनी ऑस्कर वाइल्ड यांची उच्चभ्रू इंग्रजांवरची प्रसिद्ध विनोदी नाटिका सर्व कृष्णवर्णीय नटांना घेऊन केली. १९९१ मध्ये शेक्सपियरचे ‘अँटनी अँड क्लिओपात्रा’ आणि १९९४ मध्ये ‘किंग लिअर’ केले. त्याचबरोबर नायजेरियाचे ओला रोटिमी आणि सेंट लुसियाचे डेरेक वॉलकॉट यांची नाटकेही केली. यामागचा विचार सरळ आहे. आपले दुःख सांगण्याचा हक्क आपला आहेच, पण जगातले जे जे उत्तम आहे त्यावरही आपला हक्क आहे. तुम्ही फक्त नोकराची आणि चोराची भूमिका करा, राजाची आम्ही करू, ही वाटणी त्यांनी मोडून काढली.

१९९० च्या दशकात काही वर्षे लंडनच्या मध्यभागातले कॉक्रेन थिएटर ‘तालावा’चे घर होते. १९९३ साली ब्रिटिश सरकारने ब्रूस्टरबाईंना ओ.बी.ई. हा सन्मान दिला. त्यांनी आणखी एक काम केले, ज्याला टाळ्या मिळत नाहीत. कृष्णवर्णीय लेखकांच्या नाटकांचे ‘ब्लॅक प्लेज’ हे संग्रह त्यांनी संपादित करून छापून आणले. नाटकाचा पडदा पडला की नाटक संपते. छापलेली संहिता मात्र पुढच्या पिढीला सापडते.

इथे आपल्या घराकडे वळावे लागते. आपल्या चळवळीत कलेला तोटा कधीच नव्हता. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे जलसे गावोगाव फिरले, अक्षरओळख नसलेल्या माणसालाही बाबासाहेबांचा विचार सांगून गेले. म. भि. चिटणीस यांचे ‘युगयात्रा’ बाबासाहेबांच्या हयातीतच रंगमंचावर आले. पण किती जलसाकारांच्या वह्या आज जुन्या ट्रंकेत, पोटमाळ्यावर वाळवी खात पडल्या असतील? आजोबा गेले की ट्रंक भंगारात जाते आणि तिच्याबरोबर आपला इतिहासही जातो.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, घरात अशी वही असेल तर ती जपा, तिची प्रत काढा, विहाराच्या वाचनालयात ठेवा. दुसरी, १४ एप्रिलच्या वर्गणीतला थोडा भाग मुलांच्या नाटकासाठी राखून ठेवा आणि तो जमाखर्चात वेगळा दाखवा. मोठे नाट्यगृह परवडत नसेल तर विहाराची ओसरी आहे. एका गॅरेजातून जमैकाची रंगभूमी उभी राहिली हे विसरू नका. आणि तिसरी गोष्ट वडिलांसाठी. मुलगी म्हणाली, मला नाटकात काम करायचे आहे, तर लगेच कपाळाला आठ्या घालू नका. तिला चांगले नाटक दाखवायला घेऊन जा.

त्या मुलीला बाहेरचे जग ‘तुला जागा नाही’ असे केव्हातरी सांगणारच आहे. ते वाक्य तिला घरात आधी ऐकायला मिळू नये, एवढे तरी आपल्या हातात आहे.

जयभीम!