जयंत्यांचा उच्छाद

आमच्या गोमंतकात जुलै महिना उजाडला की माझ्या पोटात गोळा येतो. १३ जुलै ही केसरबाई केरकर यांची जयंती (१८९२). १५ जुलै ही मोगूबाई कुर्डीकरांची (१९०४), आणि याच १५ जुलैला १९६७ साली बालगंधर्व गेले. तीन दिवसांत तीन तसबिरी, तीन हार! प्रमुख पाहुणे तासभर उशिरा येणार, समई लावणार, गोव्याच्या मातीतच सूर आहे असं सांगणार. निवेदक तेच पुन्हा विशेषणं लावून सांगणार. मग शाल-श्रीफळ, मग आभार. आणि गाणं? ते उरलेल्या अर्ध्या तासात. तोवर निम्मे श्रोते शेवटच्या बसच्या काळजीने उठलेले असतात.

हे बरेच दिवस मनात होतं. ते कागदावर उतरायला निमित्त झालं टोंकखुर्दचं.

टोंकखुर्द हे मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. ८ एप्रिल २०२४ रोजी कुमार गंधर्वांच्या जन्माला शंभर वर्षं झाली. त्या उन्हाळ्यात मी देवासला गेलो होतो. माताजीच्या टेकडीकडे जाताना त्यांचं 'भानुकुल' पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी एका परिचिताबरोबर टोंकखुर्दला एका लग्नघरी जाणं झालं. गहू काढून झालेली काळी शेतं, अंगाची लाही करणारं ऊन. दिवेलागणीला ओसरीवर बायका जमल्या आणि बन्ना-बन्नीची गाणी सुरू झाली. चार-पाच सुरांचाच सगळा खेळ, पण काय ती वळणं! मी एका आजींना विचारलं, हे गाणं कुणाचं? त्यांना प्रश्नच कळला नाही. आई म्हणायची, सासू म्हणायची, आता आम्ही म्हणतो, एवढंच त्या म्हणाल्या. त्यांच्या आईची जयंती कोण करणार? तिची जन्मतारीख तरी कुणी लिहून ठेवली असेल?

आणि मित्रहो, कुमारजींनी ऐकलं ते नेमकं हेच. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा हा मुलगा. मुंबईत प्रा. बी. आर. देवधरांकडे शिकला, आपल्या पेडण्यातल्या मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकरांकडूनही त्याने विद्या घेतली. क्षयाने गाठलं तेव्हा कोरड्या हवेसाठी ते देवासला आले. तो दिवस होता ३० जानेवारी १९४८, गांधीजींच्या हत्येचा. पुढची काही वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या कानावर येत होती ती माळव्याची लोकगीतं. बरे झाल्यावर त्यांनी ती जमवली, त्यांचं स्वरलेखन केलं. लोकधुनांतच रागाचं बीज असतं, असं त्यांना दिसलं, आणि त्यातून संजारी, मालवती, अहिमोहिनी असे धुन-उगम राग उभे राहिले. बिननावाच्या बायकांचं ऋण त्यांनी असं फेडलं.

आता गांधीजींच्या जन्मशताब्दीचं पाहा. १९६९ साली देशभर पुतळे उभे राहिले, भाषणं झाली. कुमारजींनी काय केलं? 'गांधी मल्हार' हा नवा राग बांधला. बालगंधर्वांना मानवंदना द्यायची तर 'मला उमजलेले बालगंधर्व' हा कार्यक्रमच त्यांनी उभा केला. शीर्षकातला 'मला उमजलेले' हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याला काही उमजलेलंच नाही, त्याने निदान माईकसमोर तरी उभं राहू नये!

यावर आमची मंडळी म्हणतात, "अहो, तिथी साजरी केली नाही तर नवी पिढी विसरून जाईल." मुद्दा अगदीच खोटा नाही. तारखेमुळे निदान नाव तरी कानावर पडतं. पण नाव लक्षात राहणं आणि गाणं लक्षात राहणं यात फरक आहे. केसरबाईंची 'जात कहां हो' ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला बाई गेल्या. हा किस्सा प्रत्येक सोहळ्यात ऐकवला जातो. भैरवी मात्र कुणी ऐकवत नाही. जेमतेम साडेतीन मिनिटांचं ते मुद्रण! प्रमुख पाहुण्यांच्या नुसत्या परिचयाला याहून जास्त वेळ लागतो. परग्रहावरच्यांनी ऐकावी म्हणून पाठवलेली भैरवी केरीच्या शाळकरी पोरांनी ऐकू नये, हा कुठला न्याय?

आमच्या धालोचंही तेच. मांडावर म्हणायचं गाणं आपण उचलून रंगमंचावर आणलं, त्याला परीक्षक आणि गुण लावले. ते म्हणणाऱ्या बायकांच्या शेजारी बसून त्यांचे सूर किती जणांनी लिहून घेतले?

मोगूबाईंचं कुर्डी गाव साळावलीच्या धरणाखाली गेलं. दर वर्षी मे महिन्यात पाणी ओसरतं, घरांची जोती वर येतात, आणि विस्थापित कुर्डीकर आपल्या सोमेश्वराच्या देवळाशी जमतात. ते मोगूबाईंसाठी येत नाहीत, आपल्या गावासाठी येतात. पण स्मरण कसं करावं हे मला तिथंच कळतं. पाणी उतरलं की पायांनी चालत आपल्या जागेपाशी जायचं, बस्स.

म्हणून माझी आयोजकांना एक साधी विनंती आहे. जयंती करा, पण आधी त्या कलावंताचं ध्वनिमुद्रण पूर्ण ऐकवा. भाषण एकच ठेवा, आणि तेही गाणाऱ्याचं किंवा गाणं शिकवणाऱ्याचं. हारांचे पैसे वाचतील त्यातून एका मुलीची वर्षभराची शिकवणी निघते का ते बघा.

त्यांनी ऐकलं नाही तर? असो. येत्या १३ जुलैला संध्याकाळी आमच्या घरी केसरबाई लावणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी यावं, चहा मिळेल. हार कुणी आणू नये.